मालगुजाराच्या मोटारीचं इंजिन

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नवेगाव बांधच्या तलावाकाठचं ते प्रकरण मात्र अजून वेगळं आठवतं, कारण ते मी डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकलं.

मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. आताचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता आणि मी त्या भागात ठाणेदार होतो. तलावाजवळच्या गावातल्या एका माजी मालगुजारांकडे सहा सिलिंडरची विलायती मोटार होती. शिकारीच्या वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे राहावी म्हणून त्यांनी गोंदियाच्या एका रेल्वे फिटरकडून तिचं इंजिन खास जुळवून घेतलं होतं. एका दुपारी ड्रायव्हर मोटार घेऊन अर्जुनी स्टेशनवर पाहुणे आणायला निघाला, तो पोचलाच नाही. मोटारही मिळाली नाही. मी चोरीचा गुन्हा नोंदवला, ड्रायव्हरच्या घराची झडती घेतली आणि पुढे त्याला फरारी जाहीर केलं.

दुसऱ्या हिवाळ्यात बातम्या येऊ लागल्या. सकाळी धुकं असताना तलावाच्या पाण्यावर मोटार वाजते. चाकांची खूण नाही, दिवा नाही, त्या अंगाला रस्ताही नाही. थोडा वेळ वाजते आणि थांबते. ढीवरांनी त्या बाजूला जाळी टाकणं सोडलं.

मग ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली. झडतीच्या वेळी हिच्याच घरातली भांडी आम्ही अंगणात मांडली होती.

"साहेब, माह्या घरवाल्याची मोटार वाजून राहिली."

हवालदार हसला. "बाई, आता भुतालेबी लायसन द्याव लागन काय?"

"भूत आहे त तुम्ही कायले भेता? चाला मासंग."

तिला आवाज कसा ओळखू आला, असं मी विचारलं. ती म्हणाली, मोटारखान्याला लागूनच त्यांचं घर. तो रोज सकाळी इंजिन गरम करायचा आणि ती त्या आवाजावर चहा ठेवायची. "पाच ठोके सारके पडते, सहावा अटकते. दुसऱ्या कोन्या मोटारीले असं नाही."

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघे तलावाच्या पाळीवर उभे राहिलो. धुकं इतकं दाट होतं की पायाखालचं पाणीही दिसत नव्हतं. आणि आवाज आला. अगदी समोरून, पाण्यातून यावा तसा. पाच ठोके, मग एक अडखळ. हवालदार टोपी सारखी करत राहिला. ती मात्र मान किंचित कलती करून ऐकत होती, आतल्या खोलीतून कोणी हाक मारावी तसं. चारेक मिनिटांनी आवाज बदलला, जड झाला आणि विरून गेला.

तिसऱ्या सकाळी आम्ही पलीकडच्या काठावर आधीच जाऊन थांबलो. तिथे आडबाजूला एक नवी धानगिरणी होती. गिरणीवाला इंजिन सुरू करायचा, ते गरम झालं की पट्टा चढवायचा. पट्टा चढला की गिरणीच्या घरघरीत इंजिनाची चाल बुडून जायची. मोकळ्या इंजिनाचा तेवढाच आवाज पाण्यावरून अलीकडे येत होता.

इंजिनावरचा नंबर कानशीनं घासलेला होता. "नागपूरच्या भंगारातून आनलं," गिरणीवाला म्हणाला. नुसत्या कानाच्या भरवशावर न्यायालय चालत नाही, म्हणून मी त्या फिटरला बोलावून घेतलं.

त्यानं आधी काही उघडू दिलं नाही. पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो बराच वेळ उभा राहिला. मग पंचांसमोर इंजिन खोलायला लावलं. आतल्या पिस्टनच्या सहाही दांड्यांच्या कडा थोड्या थोड्या घासलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर ठिपक्यांची खूण होती.

"साहब, छह के छह रॉड सुनार के तराजू पर तौलके बराबर किए हैं. ऐसा काम कोई पागल ही करेगा."

"कोण तो?"

"आपके सामने खड़ा है."

ठिपके ठोकायचा लोखंडी पंच त्यानं खिशातूनच काढला. खुणा तंतोतंत जुळल्या. मी पंचनामा लिहायला घेतला आणि गिरणीवाल्याला सांगितलं, की इंजिन जप्त होणार.

"खुशाल न्या, साहेब. पन पाया कायले खोदता?"

इंजिनाखालच्या पायाचं नाव कोणीच काढलं नव्हतं. मी लिहिता हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बसला. ठाण्यात नेल्यावर त्यानं संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. ओळखीचा म्हणून ड्रायव्हरनं त्याला वाटेत गाडीत घेतलं होतं. गिरणीला इंजिन हवं होतं. मोटारीचा सांगाडा जंगलातल्या मुरुमाच्या खाणीत निघाला. ड्रायव्हर गिरणीतल्या त्या पायाखाली पुरलेला निघाला. इंजिन रोज त्याच्याच वर चालत होतं.

तिला ओळख पटवायला आणलं तेव्हा ती रडली नाही. निघताना म्हणाली, "साहेब, तो चोर आहे म्हनून गावात दवंडी तुम्ही देली होती. आता तो चोर नव्हता म्हनून द्या."

कायद्यात अशी दवंडी नाही. तरी मी कोतवालाला घेऊन गेलो आणि स्वतः डफाच्या मागे चाललो. फरारीच्या जाहीरनाम्यावर सही करताना माझ्याजवळ पुरावा काय होता, हे मी वाटेत आठवून पाहिलं. माणूस दिसत नाही आणि मोटार दिसत नाही, एवढाच. पुढे कोणालाही फरारी ठरवण्याआधी मी त्याच्या घरच्यांशी बसून बोलत असे, झडतीच्या आधी.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तिच्या चपलांचा आवाज मीही शंभर बायकांच्या चपलांत ओळखला असता. त्या बाईला भुताची भीती का वाटली नाही, ते मला इतक्या वर्षांनी समजलं. सापडला तर तो मेलेलाच सापडणार, हे ती ठाण्याची पायरी चढतानाच जाणून होती. तरी ती आली.

त्या दिवशी कोतवाल तिच्या दारासमोर थांबून डफ वाजवू लागला, तेव्हा ती बाहेर आली आणि म्हणाली, "इथं कायले वाजवता, भाऊ? मले त पयलेच मालूम होतं. तिकडं चावडीवर वाजवा."