वांझ काटवल

बाजारातली काटवलं, म्हणजे करटोली, सासूबाईंना कधीच पसंत पडत नाहीत, म्हणून त्या वर्षी त्यांनी गच्चीवर वेल लावायचं मनावर घेतलं. मनावर त्यांनी घेतलं, मातीच्या गोण्या मी चढवल्या.

पिकून लाल झालेलं काटवल फोडून त्या बिया निवडत बसल्या. "टपोरी बी घे वं. टपोऱ्या बीचीच मादी होते." काटवलात नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि फळ फक्त मादीला. पण बी बघून ते कळत नाही, हे मी वाचलं होतं. वाद घालायचं त्राण मात्र नव्हतं. मूल होत नाही म्हणून सदर भागातल्या दवाखान्यात माझ्या फेऱ्या चालू होत्या. सुया, गोळ्या, सोनोग्राफी, सगळं माझंच. नवऱ्याला तपासून घ्या म्हटलं की एकच उत्तर, "मले काय झालं? मी ठणठणीत आहो."

एकच बी उगवली. वेल कठड्यावर पसरली, पिवळी फुलं आली, गळून गेली. फळाचा पत्ता नाही. शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिला सासूबाई म्हणाल्या, "बी तं मादीचीच लावली होती. वांझ निघाली." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मला लागलं. खरं सांगायचं तर आता लागून घेण्याचाही कंटाळा आला होता.

एका संध्याकाळी पाणी घालताना मी फूल उलटं करून पाहिलं. मादी फुलाच्या खाली इवलंसं काटेरी काटवल असतं. इथे नुसता देठ. मी एकूणएक फूल तपासलं आणि सासूबाईंना वर बोलावलं.

"आई, ही वांझ नाही. नर आहे."

गुडघे धरत त्या आल्या, चष्मा लावून त्यांनीही फुलं उलटून पाहिली. "म्हणजे एवढे दिवस उगाच तिले नावं ठेवली वं मी," त्या म्हणाल्या, आणि वेलीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. मग जिन्यातूनच मुलाला ओरडल्या, "सदरले आता तू बी जाय गा! काहून भिऊन राहिला?" गल्लीभर ऐकू गेलं.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं गेलो. नर्सने त्याचं नाव पुकारलं. तो आत गेला, आणि मला बाहेर बाकावर बसल्याबसल्या गाढ झोप लागली.