अमीनाबादची पिशवी आणि शार्क

लखनौला समुद्र नाही, ही गोष्ट विश्वासराव पेडणेकरांच्या चांगलीच पथ्यावर पडली होती. समुद्र असता तर एखादा मासेमार, एखादा नावाडी, निदान एखादी मासेवाली तरी म्हणाली असती, "साहेब, असं काही होत नसतं." इथे वाहते गोमती, आणि तिच्यात फार तर कासव दिसतं. त्यामुळे विश्वासरावांच्या शार्कला आडवं जाणारं कुणी नव्हतं.

विश्वासराव सरकारी बँकेत चीफ मॅनेजर. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचं, पण वडील रेल्वेत, त्यामुळे जन्म झाशीचा, शाळा इटारसीची, कॉलेज भुसावळचं आणि नोकरी लखनौची. समुद्रापासून इतकं लांब राहिलेल्या माणसाचा कोकणाभिमान भलताच कडक असतो. रोहू हा मासाच नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मत ते लोकांच्या घरी रोहूचा तिसरा तुकडा वाढून घेताना मांडत. ओला नारळ मिळत नाही, तिरफळं मिळत नाहीत, मासा मिळतो तो बर्फातला, ही रड बायको प्रतिमाने लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मन लावून ऐकली होती. नंतर तिने ऐकणं सोडलं, त्यांनी सांगणं सोडलं नाही.

अशा या माणसाला आयुष्यात एकदाच शार्क भेटला. सलोनी, त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत असताना तिघे मालवणजवळ देवबागला सुट्टीत गेले होते. तिथे कयाक भाड्याने मिळे. कयाक म्हणजे पाय लांब करून बसायची अरुंद प्लास्टिकची होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची. सलोनीला ताप होता म्हणून ती खोलीवर झोपून राहिली आणि नवराबायको दोन माणसांच्या कयाकमधून गळ घेऊन मासे धरायला गेले. पाण्यात शार्क आला. इथपर्यंत सगळं खरं.

यापुढचं मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीनंतर व्हायचं. प्रसाद हातात पडला की कुणीतरी हाळी द्यायचं, "पेडणेकरसाहेब, होऊन जाऊ द्या!" साहेब आधी नको नको म्हणायचे, चष्मा पुसायचे, आणि मग उभे राहायचे. पहिल्या वर्षी शार्क हाताएवढा होता. पुढच्या वर्षी स्कूटरएवढा झाला. गेली काही वर्षं तो टेम्पो ट्रॅव्हलरच्या आसपास येऊन थांबला होता, कारण त्यापुढे वल्ह्याने मारणं पटलं नसतं. विश्वासराव हवेत वल्हं फिरवून दाखवायचे: एक नाकावर, एक डोळ्याखाली, एक पुन्हा नाकावर. गळाला लागलेली मनगटाएवढी सुरमई ते सोडायचे नाहीत, आणि पुढच्या सीटवर बेशुद्ध पडलेल्या प्रतिमेला एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने वल्हवत किनारा गाठायचे.

बेशुद्ध पडलेली प्रतिमा तेव्हा मागच्या रांगेत उकडीचे मोदक वाढत असायची. बायका तिच्याकडे कौतुकाने बघायच्या आणि ती "तूप घेतलंत का?" एवढंच विचारायची.

वरच्या मजल्यावरचे रिझवीसाहब निवृत्त प्राध्यापक. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ही गोष्ट ऐकायला ते दरवर्षी यायचे. "पेडणेकरसाहब," ते म्हणायचे, "माशाअल्लाह, आपका शार्क भी आपके साथ तरक़्क़ी कर रहा है." विश्वासराव याला दाद समजत.

सगळं इतकं छान चाललेलं असताना सलोनीने घात केला. ही गोष्ट ऐकत ऐकत वाढलेल्या मुलीने दुसरं करायचं तरी काय? तिने प्राणिशास्त्र घेतलं, मग समुद्री जीवांचा अभ्यास केला, आणि एका संध्याकाळी चहाच्या टेबलावर लॅपटॉप फिरवून म्हणाली, "पापा, सिलेक्शन हो गया! कोकण में. शार्क प्रोजेक्ट!"

"म्हणजे काय करायचं?" विश्वासरावांनी विचारलं.

"कयाक से फ़िशिंग. खाड़ी के मुँह पर, जहाँ इंजिनवाली बोट नहीं जा सकती. गळ टाकून शार्क पकड़ना, नापना, टॅग लगाना, छोड़ देना."

"शार्क... हाताने?"

"ग्लव्ज़ होते हैं, पापा."

विश्वासरावांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि त्यांनी ते पडू दिलं. पाण्याखालून आलेला तो करडा हिसका त्यांना आजही झोपेत लागायचा, आणि त्याच पाण्यावर आता ही पोर जाऊन बसणार, तेही मुद्दाम, तेही पगार घेऊन! नको म्हणावं, पाय धरावेत, दार लावून घ्यावं, असं त्यांना वाटलं. पण म्हणणार काय? टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या शार्कच्या नाकावर वल्हं हाणणारा बाप मुलीला 'मला भीती वाटते' म्हणणार? ते म्हणाले, "अरे वा."

दुसऱ्या दिवशी मंडळभर झालं. "वाघाची बछडी!" म्हणून फोन आले. विश्वासराव प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होते आणि प्रत्येक धन्यवादागणिक खोल जात होते.

मग त्यांनी डोकं लढवलं. रोज जेवताना ते शार्कचं काहीतरी नवं सांगू लागले. दातांच्या रांगा वाढल्या, डोळ्यांत क्रौर्य आलं, एकदा तर त्याने होडीला तीन फेऱ्या मारून दबा धरला. पोरगी घाबरायची सोडून ताटावर पुढे सरकली. "सच में? सर्कलिंग? पापा, ये तो रेअर है, तुम्ही कधी सांगितलंच नाही!" आणि ती मोबाइलवर टिपून घेऊ लागली. विश्वासरावांनी ताट बाजूला सारलं.

मग ते आंब्यांकडे वळले. रविवारी गाडी काढून तिला मलिहाबादला घेऊन गेले, दशहरीच्या बागांतून फिरवलं. "यावर पण संशोधन होतं, बेटा. किती शांत काम आहे बघ. आंबा चावत नाही."

"पापा, आप ठीक तो हैं?" सलोनीने विचारलं.

घरी आल्यावर ते प्रतिमेमागे स्वयंपाकघरात गेले. "तू तिला सांग ना, नको जाऊ म्हणून."

प्रतिमा भेंडी चिरत होती. "मी कशी सांगणार?" ती म्हणाली. "मी तर बेशुद्ध होते."

इतक्या वर्षांत तिने या गोष्टीबद्दल काढलेला हा पहिला शब्द. विश्वासराव तसेच मागे फिरले.

सलोनी निघायच्या आधीच्या रविवारी मंडळातली माणसं घरी चहाला आली. रिझवीसाहबही शेरवानी घालून खाली उतरले. साबुदाणा वडे झाले, चहा झाला, आणि मंडळाच्या सेक्रेटरी गीताताईंनी टाळी वाजवली. "साहेब, आज तर झालीच पाहिजे. लेक शार्कच्या गावाला चालली आहे!"

विश्वासराव उभे राहिले. चष्मा पुसला. समुद्र आला, कयाक आली, गळ टाकला. वल्हं उचलायला हात वर गेला आणि त्यांना समोर जमिनीवर मांडी घालून बसलेली सलोनी दिसली. तोंड उघडं, डोळे लकाकत होते. ती आठ वर्षांची असताना अशीच बसायची. हात तसाच वर राहिला. आज ही गोष्ट नेहमीसारखी संपली तर पोरगी उद्या हसत हसत पाण्यात उतरेल, हे त्यांना लख्ख कळलं. एवढ्या वर्षांची कमावलेली अब्रू आणि ही पोर, यातलं एक हातात राहणार होतं.

त्यांनी हात खाली घेतला. "प्रतिमा," ते म्हणाले, "तू सांग. झालं तसं सांग. काही राखू नकोस."

प्रतिमेने नवऱ्याकडे नीट बघितलं, हातातली ताटली खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"मी बेशुद्ध पडले नव्हते," ती म्हणाली. "ते आधी सांगून टाकते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि सुरमई नव्हती. बांगडे होते, लहान. पण यांना आनंद असा झाला, जणू रिझर्व्ह बँकेनं हार घातला. आमच्याबरोबर बाळकृष्ण म्हणून तिथला मुलगा होता, दुसऱ्या कयाकमध्ये. त्याच्याकडे बर्फाची पेटी. तो म्हणाला, 'काका, द्या हय, बर्फात टाकतंय.' हे म्हणाले, खबरदार! आयुष्यभर बर्फातला मासा खाल्ला, आज बर्फ लावायचा नाही. आणि माझी अमीनाबादच्या बाजारातून आणलेली कापडी पिशवी घेतली, तीत बांगडे भरले, आणि ताजे राहावेत म्हणून पिशवी होडीच्या कडेला पाण्यात टांगली. इथे नाही का स्कूटरच्या हुकाला दुधी लटकवून आणत, अगदी तशी."

"फिर?" रिझवीसाहबांना भाषा कळत नव्हती, पण दुधी लटकवलेला त्यांनी रोज बघितला होता.

"बाळकृष्ण ओरडला, 'काका, पिशयेत रगात आसा, पाण्यात सोडू नकात!' यांनी ऐकलं नाही. शिवाय पिशवी निसटू नये म्हणून तिचा बंद मनगटाला गुंडाळला. थोड्या वेळाने खालून हिसका आला. शार्क यांच्यासाठी आलाच नव्हता हो, तो बांगड्यांसाठी आला होता. होडी तिरकी झाली, हे ओरडायला लागले. मी म्हटलं, 'अहो, सोडा ती पिशवी.' सोडेनात. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग मी मागे वळले, आमिष कापायची सुरी होती तिथे, तिनं बंद कापला. शार्क पिशवीसकट गेला. हे होडीत आडवे झाले, डोळे मिटून रामरक्षा म्हणत. मी वल्हवत किनाऱ्याला आणलं."

एवढं हसू त्या घरात कधी फुटलं नव्हतं. गीताताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. रिझवीसाहबांना कुणीतरी भरभर हिंदीतून सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले आणि प्रतिमेला त्यांनी लवून आदाब केला. विश्वासरावांचे कान लाल झाले होते, पण ते हसणाऱ्यांकडे बघतच नव्हते. ते फक्त सलोनीकडे बघत होते. ती हसत नव्हती.

"बघितलंस ना?" ते घाईने म्हणाले. "मी घाबरलो होतो, बेटा. खूप घाबरलो होतो. आजही घाबरतो. शार्क गंमत नाही. जाऊ नकोस."

"पापा," सलोनी म्हणाली, "पिशवी सोडली का नाहीत?"

विश्वासराव चष्मा पुसायला लागले. उत्तर प्रतिमेने दिलं.

"तुझ्यासाठी. सकाळी तू तापाने रडत होतीस, काही खात नव्हतीस. हे म्हणून गेले होते की आज माझ्या लेकीला कधी बर्फ न बघितलेला मासा खाऊ घालतो. मग शार्क काय, दुसरं कुणीही आलं असतं तरी यांनी सोडली नसती. म्हणून तर मी इतकी वर्षं बेशुद्ध पडत आले."

आता हसू ओसरलं होतं. गीताताईंनी उगीचच कप गोळा करायला घेतले. सलोनी उठली, वडिलांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचं उजवं मनगट हातात घेऊन बघू लागली, जणू बंदाचा वळ अजून असणार होता.

"केवढा होता? खरं सांगा."

विश्वासरावांनी दोन हात पसरले. मग थोडे जवळ आणले. मग, प्रतिमेकडे बघून, आणखी जवळ आणले.

"बच्चा था, पापा," सलोनी म्हणाली. "भूखा बच्चा. मला अशांनाच मोजायचं आहे." आणि तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. ती जाणार, हे विश्वासरावांना तेव्हाच कळलं. अब्रू गेली ती गेलीच आणि पोरगीही चालली. गंमत म्हणजे त्यांना अब्रूचं काहीच वाटत नव्हतं.

अमौसीला विमानतळावर ते वेळेच्या कितीतरी आधी पोहोचले. सलोनीच्या पाठीवर सॅक, एका हातात बॅग, आणि विश्वासरावांच्या हातात कापडी पिशवी. बेसनाचे लाडू, तापाच्या गोळ्या, रिझवीसाहबांनी दिलेली इत्राची कुपी आणि रबरी हातमोज्यांचे जोड, लहान, मध्यम, मोठे, कारण मापाची खात्री नव्हती. पिशवी प्रतिमेने आदल्या दिवशी अमीनाबादहूनच आणली होती.

"फोन कर. पाण्यात एकटी जाऊ नकोस. आणि हे बघ," विश्वासराव पिशवी सावरत म्हणाले, "धरलेला मासा पाण्यात टांगून ठेवू नकोस. कितीही ताजा हवा असला तरी. बर्फात टाकायचा. बर्फ चांगला असतो."

"हो, पापा."

दारावरच्या शिपायाने सलोनीचं तिकीट बघितलं, ओळखपत्र बघितलं आणि तिला आत जायची खूण केली. तिने पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि एक बंद धरला. दुसरा विश्वासरावांच्या मुठीत होता. तिने हळूच ओढला. मूठ उघडेना. मागची माणसं खोळंबली, कुणाची तरी ट्रॉली पायाला लागली, शिपाई म्हणाला, "अंकल, आगे बढ़ने दीजिए." विश्वासराव खाली पिशवीकडे बघत उभे होते.

प्रतिमा त्यांच्या अगदी जवळ आली.

"अहो," ती म्हणाली, "सोडा ती पिशवी."

या खेपेला त्यांनी पहिल्याच हाकेला सोडली.