माझ्या रंगाची डबी

मत्सर हा शब्द मला फार पुस्तकी वाटतो. आमच्या घरात त्याला सरळ पोटात दुखणं म्हणतात. माझ्या पोटात आयुष्यात सगळ्यात जोरात दुखलं ते एका अमेरिकन बाईमुळे. तिला मी कधी भेटले नाही. केबलवर दुपारी लागणाऱ्या एका इंग्रजी मालिकेत ती न्यायाधीश होती.

आमचं घर कर्वेनगरात, आणि तेही तिथं शेतं होती तेव्हापासूनचं. शेतं गेली, सोसायट्या आल्या, वडिलांनी उरलेल्या जागेत खोल्या बांधून कॉलेजच्या मुलींना भाड्यानं दिल्या. घरात आम्ही 'हाय' आणि 'न्हाई' बोलायचो, रस्ता ओलांडला की 'आहे' आणि 'नाही'. मी तर रस्ता ओलांडून थेट नाटकात गेले होते. पुण्यात एकांकिका स्पर्धांना तोटा नाही, आणि एकांकिकांमध्ये मोलकरणींना तोटा नाही. आमच्या ग्रुपच्या दिग्दर्शकांना सगळे 'सर' म्हणत. त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून माझं वाचन ऐकलं, मग डोळे उघडून म्हणाले, "आवाज राणीचा आहे. नुसता आवाज स्टेजवर पाठवता आला असता तर बरं झालं असतं." सगळे हसले. मीही हसले. सरांच्या विनोदाला जो हसत नसे, तो पुढच्या स्पर्धेत पडदा ओढत असे.

मी काळी आहे. 'सावळी' हा शब्द आमच्याकडे सवलत म्हणून देतात, आणि मी त्या सवलतीतही बसत नव्हते. त्यामुळे मी मोलकरीण झाले, भाजीवाली झाले, भूत झाले. एकदा झाडसुद्धा झाले. ते काम मला आवडलं होतं, कारण झाडाच्या रंगाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तर ती न्यायाधीश बाई. माझ्यापेक्षाही काळी. केसांच्या बारीक बारीक वेण्या मागे बांधलेल्या, नाकावर चष्मा, अंगात न्यायाधीशाचा झगा. गोरेपान वकील तिच्यासमोर उभे राहून आर्जवं करायचे आणि ती नुसती एक भुवई वर करून त्यांना खाली बसवायची. मला इंग्रजी अर्धंमुर्धंच कळायचं, पण जळायला तेवढं पुरेसं होतं. सगळ्यात झोंबायचं ते हे, की त्या अख्ख्या मालिकेत तिच्या रंगाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. आमच्याकडे काळी मुलगी पडद्यावर आली की गोष्टच तिच्या रंगाची होते. नकार देणारे पाहुणे, उशीत तोंड खुपसून रडणं, हळद, साय आणि शेवटी मनाचं सौंदर्य. त्या बाईला मनाच्या सौंदर्याची गरजच पडत नव्हती. तिला निकाल द्यायचे असत.

आई पदराला हात पुसत येऊन बसायची. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नसे.

"कोन हाय गं ही? आपल्या सांगवीच्या आत्यावानी दिसती."

"जज्ज आहे."

"कशापायी वरडती त्या गोऱ्याला?"

"त्यानं खोटा साक्षीदार आणला."

"मंग वरडू दे," असं म्हणून आई नीट मांडी घालून बसायची. मग मालिका संपेपर्यंत गॅसवर काहीही करपलं तरी ती उठत नसे. आईला त्या बाईचं कौतुक होतं. मला कौतुक वाटत नव्हतं. मला ती खुर्ची हवी होती, तो झगा हवा होता, ती भुवई हवी होती.

आमच्या एका खोलीत लातूरकडची एक मुलगी राहायची. इतिहासात एम. ए. करत होती, आणि तिच्या खोलीत टीव्ही नसल्यामुळे आमच्याकडे येऊन बसायची. इंग्रजीतलं अडलेलं तीच मला समजावून सांगायची. माझा जळफळाट तिच्या लक्षात आला होता. एकदा ती म्हणाली, "ताई, एक मालिका बघून एवढ्या जळू नका. बाकीची चॅनेलंपण लावून बघा."

मी लावली. पोलिसांच्या मालिका बघितल्या, इस्पितळांच्या बघितल्या, चाळीसारख्या एकाच इमारतीत राहून दिवसभर विनोद करणाऱ्यांच्याही बघितल्या. पोलिसांच्या मालिकेत भिंतीवरून उडी मारून पळणारा काळा, आणि शेवटी बेड्याही त्याच्याच हातात. इस्पितळात कमरेवर हात ठेवून फटकळ बोलणारी नर्स काळी; ती सगळ्यांना धीर देणार, पण तिला स्वतःचं घर आहे की नाही ते कधीच दाखवणार नाहीत. गोऱ्या नायिकेचं प्रेम मोडलं की तिची समजूत घालायला येणारी मैत्रीण काळी. त्या मैत्रिणीवर कुणाचं प्रेम आहे का, हे विचारायचं नाही. ही तर सगळी माझीच पात्रं होती. माझी मोलकरीण, माझी भाजीवाली, माझं भूत तिकडं इंग्रजीत बोलत होतं.

"बघितलंत?" लातूरची म्हणाली. "अशी न्यायाधीश एखादीच. आणि तीही कुणी आपणहून दिली नाही. पूर्वी तिकडं गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची सोंगं काढायचे. लोक पोट धरून हसायचे. या आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा कुठं त्यांची माणसं पडद्यावर धड दिसायला लागली. अजून भांडतच आहेत."

हे ऐकून माझा हेवा कमी व्हायला हवा होता. शहाणी बाई असती तर झालाही असता. माझा दुप्पट झाला. भांडायला त्यांच्याजवळ एकमेकांची माणसं तरी होती. एकत्र राहणारी, एकाच गोष्टीवर एकत्र चिडणारी. काळ्या मराठी मुलींचा असा समाज कुठं असतो? घराघरात एखादी असते आणि तिच्या शेजारी तिची गोरी बहीण उभी असते. आम्ही भांडायचं कुणाशी, आईशी?

लातूरची मुलगी शिक्षण संपवून गावी गेली. न्यायाधीश बाईची मालिकाही बंद झाली. मी मात्र स्पर्धांमागून स्पर्धा मोलकरीण होत राहिले. पुढे काही वर्षांनी सरांना एका चॅनेलची मालिका मिळाली. पुण्याबाहेर एक बंगला भाड्यानं घेऊन शूटिंग व्हायचं होतं. गोष्ट अशी, की खेड्यातली एक काळी मुलगी पुण्यातल्या पेठेतल्या घरात सून म्हणून येते. सरांनी मला स्वतः फोन केला. "उद्या लुक टेस्टला ये. तोंडाला काही लावून येऊ नकोस."

काळी नायिका. आणि सरांचा फोन. त्या रात्री मला त्या अमेरिकन बाईची आठवण झाली आणि पहिल्यांदाच पोटात दुखलं नाही.

टेस्टला मला दिव्यांसमोर बसवलं. मेकअप करणारे दादा जुने, नाटकातले. त्यांनी छोट्या छोट्या डब्यांतून रंग काढले, एकात एक मिसळले, माझ्या गालावर बोटभर लावून पाहिले. सर कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणायचे, "अजून थोडा तांबडा... नाही, एवढा नको." मग पुसायचं, पुन्हा लावायचं. दोनतीनदा बोलावलं. शेवटी लावलेला रंग आणि माझा गाल यांत फरकच दिसेना, तेव्हा सर खूश झाले. "हा! हाच."

भूमिका कोणती, हे मी विचारलं नाही. आमच्या नाटकातल्या लोकांची ही रीतच आहे. भूमिका मागायची नसते, सर देतात. मागणारा उतावळा समजला जातो, आणि उतावळ्याला सर पाणी भरायला लावतात. मीही रीत पाळली आणि गप्प बसले. आमच्या घराला मात्र गप्प बसायची रीत माहीत नव्हती. आईनं मंडईजवळून पेढे आणले आणि गल्लीभर वाटले. "लेक हिरोईन झाली," असं सांगत ती परक्या सोसायटीतसुद्धा शिरली होती, तिथल्या वॉचमनलाही पेढा दिला.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी एक मुलगी माझ्याजवळ आली. सायीसारखी गोरी, पेठेतली, बोलायला अतिशय गोड. "ताई, तुमच्यामुळे माझं काम किती सोपं झालं हो! तुम्ही एवढा वेळ दिलात." मला काही समजेना. मग दादांनी आम्हा दोघींना उजेडात शेजारी शेजारी उभं केलं आणि एक डबी उघडली. झाकणावर कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर माझं नाव. दादा एकदा माझ्या गालाकडे बघायचे आणि एकदा बोट डबीत बुडवून तिच्या गालावर फिरवायचे. हळूहळू मी तिच्या तोंडावर पसरत गेले.

मी तशीच सरांकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली. "सर, मीच का नाही?"

सर चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, प्रेक्षकांना काळी सून चालते. पण ती मुळात गोरी आहे हे त्यांना माहीत असावं लागतं, नाहीतर जेवताना घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली. तुला मोलकरणीचं काम ठेवलंय. रोजचं आहे."

मी ते काम घेतलं. लोकांना वाटलं, गरज असेल. खरं सांगायचं तर मला त्या डबीला सोडून जाववत नव्हतं. घरी आईला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "पेढं खाल्लं की लोकांनी. आता काय ओकायला लावायचं?"

त्या मुलीचा मी जेवढा हेवा केला तेवढा कुणाचाच केला नसेल. ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती चांगली होती. माझ्यासाठी डब्यातला लाडू राखून ठेवायची, माझ्या पाया पडून पहिला शॉट द्यायची. रोज सकाळी दादा मला तिच्याजवळ उभं करत, रंग जमला की 'जा ताई' म्हणत. मग मी झाडू हातात घेऊन माझ्या जागेवर जायचे आणि माझ्याच रंगाची बाई सोफ्यावर बसून मला चहा आणायला सांगायची. संध्याकाळी ती कापूस आणि तेल घेऊन आरशासमोर बसे. दोनचार बोळ्यांत सगळं उतरायचं, ती गोरी होऊन रिक्षात बसायची, आणि मी तेच तोंड घेऊन बसस्टॉपवर उभी राहायचे. अमेरिकेत म्हणे असल्या सोंगाची लोकांना पुढं लाज वाटायला लागली. आमच्याकडे प्रेक्षक तिला 'किती धाडसी भूमिका' म्हणून निरोप पाठवत होते.

मग भाकरीचा प्रसंग आला. सून पहिल्यांदा चुलीवर भाकऱ्या करते आणि सासरा जिंकला जातो, असा. काठवटीत ज्वारीचं पांढरंस्वच्छ पीठ, कॅमेरा अगदी जवळ. तिनं पाणी घालून मळायला सुरुवात केली आणि पीठ तांबूस व्हायला लागलं. तिच्या हातांवरचा रंग उतरून पिठात जात होता. नवीन पीठ आणलं, पुन्हा रंग लावला, पुन्हा तेच. दादांनी हात टेकले. "हातावरचं पाण्यात नाही टिकायचं." त्यातून तिला भाकरी थापताही येत नव्हती, तिच्या घरी पोळ्या होत.

सगळ्यांच्या माना एकदमच माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात तिच्या हिरव्या बांगड्या भरल्या, मांडीवर तिच्या साडीचा पदर पसरला. "मनगटाच्या वर काही येता कामा नये," सरांनी कॅमेरामनला बजावलं. मी पीठ मळलं, गोळा केला, भाकरी थापली. एकदाच, एका दमात. सर म्हणाले, "वा! काय हात आहेत!"

तो भाग लागला त्या दिवशी आमच्या टीव्हीपुढं आई, शेजारची चुलती आणि गल्लीतल्या आणखी बायका बसल्या होत्या. मी मागे दाराशी होते. हातांचं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर सून चुलीजवळ बसली, मग नुसते हात दिसायला लागले. आई एकदम ताठ झाली.

"हे हात माझ्या लेकीचं हायत."

"काय तरीच," चुलती म्हणाली. "कशावरनं?"

"करंगळी बघ वर धरलीया. आमच्या म्हायेरात समद्या अशाच थापत्यात. मीच शिकवलंय तिला."

चुलतीनं पुढं वाकून पाहिलं. "व्हय की गं! मंग त्वांड कुनाचं हाय?"

"त्वांड भाड्यानं आणलंय," आई म्हणाली.

सगळ्या बायका खो खो हसल्या. पडद्यावर भाकरी फुगली, सासऱ्यानं पहिला घास घेऊन डोळे पुसले आणि म्हणाला, या हातांना सोन्याच्या पाटल्या करायला हव्यात. सुनेनं लाजून मान खाली घातली. मी माझे दोन्ही हात पदराखाली घेतले. इतकी वर्षं नाटकात घालवून शेवटी नायिका झाले ते फक्त माझे हात. मला दाराशी उभं ठेवून ते पुढं गेले होते, आणि मला त्यांचाही हेवा वाटत होता.