सपाट बुडाची कढई

त्या वर्षी कापसाला भाव येईना, म्हणून घाटंजीजवळच्या आमच्या घरात मधली खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली होती. घरात कापूस असला की भीती एकच, ठिणगीची. विडी ओढणाऱ्याला फाटकाबाहेर उभं करायचं, बुद्धवंदनेची मेणबत्तीसुद्धा अंगणात लावायची. मधल्या खोलीच्या अलीकडे स्वयंपाकघर आणि पलीकडे आमची खोली. तिथे पाळण्यात माझी चार महिन्यांची लेक. आग लागलीच तर मला कापसातूनच तिच्यापर्यंत जावं लागणार होतं. किती पावलं, दार कोणत्या हाताने उघडायचं, हे मी रोज मनात घोकत असे. इतकी भित्री मी आधी नव्हते.

म्हणून माझ्या नवऱ्याने यवतमाळहून विजेवरची काचेची शेगडी आणली. जाळ नाही, ठिणगी नाही. खटका फिरवला की काचेखालचं वेटोळं लाल व्हायचं, एवढंच. मला दोन दिवस सुखाची झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यावर भजी तळायला घेतली. त्यांची कढई लोखंडाची, राळेगावच्या माहेराहून आलेली, बूड गोल. चुलीवर ती मुकाट बसायची, काचेवर मात्र डोलायला लागली. उकळतं तेल काठापर्यंत आलं. शेवटचं भजं निघेपर्यंत मी सांडशीने कढई घट्ट धरून उभी होते.

"काहून भिऊन राह्यली एवढी?" सासूबाई म्हणाल्या. "चाळीस वर्सं झाले, हे कढई कोणाच्या अंगावर नाही सांडली."

पुढच्या बाजाराला मी सपाट बुडाची कढई आणायला गेले. भांड्यांच्या दुकानात काचेचं कपाट होतं. एकेक कढई त्यावर ठेवायची, काठावर चारी बाजूंनी बोट दाबायचं आणि हलते का बघायचं. सातव्या कढईला दुकानदार वैतागला. "बाई, कढई घ्याले आल्या का माह्यी काच फोडाले?"

जाड बुडाची एक चांगली होती, पण जड. लेक कडेवर असताना एका हाताने उचलता यावी म्हणून मी पातळ अल्युमिनिअमची घेतली. आठ दिवसांत तापून तापून तिच्या बुडाला पोट आलं आणि ती काचेवर गरगर फिरायला लागली.

"माय वं, तुही कढई तं नाचून राह्यली," म्हणत सासूबाईंनी आपली लोखंडी पुन्हा काढली. शेगडी चालू होईतो ती कलंडू नये म्हणून त्या तिच्याखाली चुंबळ ठेवायच्या. चुंबळ म्हणजे डोक्यावर घागर घ्यायची कापडाची गोल गुंडाळी. जन्मभर गोल बुडाखाली चुंबळ सारलेला हात तो, त्याला सांगावं लागत नसे. खटका फिरवायच्या आधी मात्र त्या ती आठवणीने काढून घ्यायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

एका दुपारी लोडशेडिंग होतं. तेलाची कढई चुंबळीवर, चुंबळ शेगडीवर ठेवून सासूबाई अंगणात तूर निवडायला बसल्या. लाइन आली का बघावं म्हणून मी आत जाऊन शेगडीचा खटका फिरवला. आमच्याकडे सगळेच असं करून बघतात. लाइन नव्हती. तेवढ्यात लेक रडली आणि मी तिच्याकडे धावले.

तिला पाजत होते तेव्हा डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरायला लागला. मला बरं वाटलं. मग जळक्या कापडाचा वास आला.

घोकलेलं सगळं विसरले. लेकीला छातीशी दाबून मी कापसाच्या खोलीतून गेले तेव्हा श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. स्वयंपाकघरात धूर होता. सासूबाईंनी पदराने धरून कढई खाली उतरवली होती आणि पेटलेली चुंबळ हाताने उचलून मोरीत फेकली होती. त्या उजवा तळवा पाण्यात बुडवून बसल्या होत्या. काचेवर काळं कडं उमटलं होतं.

"खटका माह्याच हातून चालू राह्यला असंन," त्या म्हणाल्या. "मले काही आठवत नाही वं."

खटका मी फिरवला होता, हे सांगितलं असतं तर घर जाळायला निघालेली सून, असं गावभर झालं असतं. त्या आगीपेक्षा मला या बोलण्याची जास्त भीती वाटली, हे लिहायला लाज वाटते.

पुढच्या बाजाराला सासूबाई स्वतः माझ्याबरोबर आल्या. उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी काठ दाबून पाहिला आणि तीच जाड, जड कढई घेतली. घरी येऊन माहेरची कढई माळ्यावर टाकली. नवी काचेवर अशी बसली की हलायचं नाव नाही.

संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि लेक रडायला लागली. एरवी सासूबाई माझ्या आधी पाळण्याशी पोचायच्या. त्या दिवशी त्या दारातच थांबल्या.

"पोरीले माह्याजोळ एकटं नको ठेवत जाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या डोक्याचा आता भरोसा नाही."

मी "बरं" म्हटलं, हात धुतले आणि लेकीला उचलून घेतलं.