कुलूप ते बेल

आमचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस गेल्या वर्षी बंद झालं, तेव्हा सगळी रद्दी एका टेम्पोत मावली. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले, ते काही रद्दीवाला नेत नाही! म्हणून तुम्हाला ऐकवते.

नाशिकला शालिमारजवळ एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर भारताचा नकाशा. मालक अण्णा आणि कॉम्प्युटरवर मी. अण्णांची एक सवय होती. प्रत्येक तिकिटाबरोबर ते हाताने चिठ्ठी लिहून द्यायचे. वर बारीक अक्षरात विमानातला वेळ आणि खाली मोठ्या अक्षरात 'कुलूप ते बेल'. म्हणजे आपल्या घराला कुलूप लावल्यापासून तिकडच्या दाराची बेल वाजवेपर्यंतचा वेळ.

*

कॉलेज रोडचे एक प्राध्यापक यावरून जाम भडकले. दिल्ली दोन तासांवर, आणि चिठ्ठीत साडेसात? अण्णांनी ओझरपर्यंतची रिक्षा, विमानतळावरचं ताटकळणं, तिकडचं ट्रॅफिक, सगळं समजावलं. शेवटी म्हणाले, "आणि वहिनी गॅस बंद केला का ते बघायला परत जातील, त्याची वीस मिनिटं."

परत आल्यावर सर मुद्दाम ऑफिसात आले. "दोनदा गेली हो," एवढंच म्हणाले आणि आमच्याबरोबर चहा प्यायले.

*

अंतर विचारलं की अण्णा नकाशावर दोरा ताणून दाखवायचे. सायखेड्याच्या एका आजींचा मुलगा बंगळूरला. आजींनी वीतभर दोरा बघितला, म्हणाल्या, "येवढंच हाय व्हय?" दोरा पदराच्या टोकाला बांधला आणि तिकीट न काढताच निघून गेल्या!

महिन्याने आल्या. दोरा काळा झाला होता. "हात लावून लावून मळला बघ. आता तिकीटच दे," म्हणाल्या. अण्णांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

*

हैदराबादचं नाव काढलं की मात्र अण्णांचं सगळंच बिनसायचं. सिन्नरच्या एका कारखान्याच्या मॅनेजरला तिथे मीटिंगला जायचं होतं. अण्णा म्हणाले, फार लांब पडतं हो, फोनवर नाही का भागणार? विमानाने जेमतेम दीड तास! शेवटी मीच गुपचूप तिकीट काढून दिलं.

अण्णांच्या मुलीने, सुमाने, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती हैदराबादला गेली. नऊ वर्षं बापलेकीत बोलणं नव्हतं. मला अण्णांचा राग यायचा आणि कीवही यायची.

*

ऑफिसच्या शेवटच्या दिवशी नकाशा उतरवताना अण्णा म्हणाले, "नीता, एक हैदराबाद काढ. माझ्या नावाचं."

मी काढलं. चिठ्ठीही मीच लिहिली, कुलूप ते बेल सहा तास. त्यांनी ती नीट वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागून कुणीतरी विचारत होतं, बाबा, चहात साखर किती?

मी घाबरतच विचारलं, पोचलात ना वेळेवर?

"दारापर्यंत बरोब्बर सहा तास," अण्णा म्हणाले. "पण तुझी चिठ्ठी चुकली गं. बेलवर बोट ठेवायलाच मला पाऊण तास लागला."