नैवेद्याच्या दह्याशेजारचा डबा

देवाधर्मात मी कधी कुचराई केली नाही, याचा मला फार अभिमान होता. उपास, पारायणं, सोवळं, सगळं काटेकोर. त्या अभिमानाचं पुढे काय झालं ते लिहायला घेतलंय खरं, पण हात मागे येतो. लोक अनुभव सांगतात त्यात देव भक्ताच्या मदतीला धावून येतो. माझ्याकडे तो आला तेव्हा मी तोंड लपवून बसले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमरावतीकडचे. मिस्टर भिलाईच्या कारखान्यात अधिकारी, राहायला सेक्टरमधलं क्वार्टर. रेल्वे लाइनीपलीकडच्या मजूरवस्तीत केरळच्या एक ख्रिस्ती सिस्टर काम करायच्या. माझ्याच वयाच्या, अंगावर पांढरी सुती साडी, टाचा भेगाळलेल्या. जखमा धुवायच्या, बाळंतपणं करायच्या, पोरांना पोलिओचे थेंब पाजायच्या. त्यांचा फ्रिज बिघडला म्हणून थेंबांच्या बाटल्यांचा डबा महिनाभर आमच्या फ्रिजमध्ये ठेवाल का, असं विचारायला त्या आल्या. "बस, ठंडे में रहे, दीदी," एवढंच त्यांनी दोनदा बजावलं. मी आनंदाने हो म्हटलं. घरबसल्या पुण्य मिळत होतं.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. त्यासाठी सासूबाई गावाहून आल्या होत्या. फ्रिज उघडला आणि त्या तिथेच थांबल्या. "दवाखान्याचं सामान निवदाच्या दह्याजवळ कायले ठेवलं वो? अन् त्या बाईचा हात लागलेला. समदं बाटून राहिलं ना." सासूबाईंवर ढकलून मोकळं होता येईल, पण खरं सांगते, मलाही ते आतून पटलं होतं. मी डबा उचलून मागच्या व्हरांड्यात ठेवला. भिलाईतला भाद्रपद, वर पत्र्याचं छत. तीन दिवसांनी महालक्ष्म्या उठल्या आणि मी डबा पुन्हा फ्रिजमध्ये सरकवला.

सिस्टर न्यायला आल्या तेव्हा सांगायचं होतं. पण त्यांनी माझे हात हातात घेऊन इतके आभार मानले की मी गप्प बसले. औषधच ते, दोन-तीन दिवसांनी काय होतंय, अशी मनाची समजूत घातली.

दोन महिन्यांनी कळलं की वस्तीतल्या सुखवंतीनच्या दीड वर्षाच्या मुलीला ताप आला आणि तिचा डावा पाय लुळा पडला. सुखवंतीन आमच्याकडे भांडी घासायची. तिला पाजलेले थेंब त्याच डब्यातले होते. थेंब निकामी झाले म्हणूनच हे झालं का, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकले नाहीत. त्या शंकेच्या आडोशाला मी आठ दिवस काढले. देवापुढे तासन् तास बसायचे आणि मागायचे काय, तर हे बाहेर येऊ नये.

नवव्या दिवशी दुपारी दारात सिस्टर उभ्या. मला वाटलं, आता संपलं. त्या मात्र मला या भानगडीत ओढल्याबद्दल माझीच माफी मागायला आल्या होत्या. थेंब खराब कसे झाले याच्या चौकशीत माझं नाव येऊ नये म्हणून, डबा नेताना आपल्याच हातून त्याला ऊन लागलं असावं, असं त्यांनी वरिष्ठांना लिहून दिलं होतं. "आप को कोई परेशान नहीं करेगा," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. साधुसंतांना राग येत नाही म्हणतात. त्यांना आला, मी पाहिला. त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले तर त्या मागे सरकल्या. "मुझसे माफ़ी मत माँगिए। पैर मेरा नहीं है।" मग पायरी उतरत म्हणाल्या, "चलिए।"

नेसत्या पातळानिशी मी त्यांच्यामागून लाइन ओलांडली. सुखवंतीन झोपडीपुढे पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. पोरीचा पाय पदराखाली झाकत म्हणाली, "पहिली बता देतेव त दूसर दवई पिया देतेन, दीदी." आधी सांगितलं असतं तर दुसरं औषध पाजता आलं असतं, एवढंच. दोन महिने होते माझ्याकडे.

सिस्टरांनी तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि मालिश कशी करायची ते दाखवलं. त्यानंतर चार वर्षं मी रोज गेले. घरी बोलणी खाल्ली, शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. सुखवंतीनने आमचं काम सोडलं. ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही, पण मी गेले की मुलगी माझ्यापुढे ठेवायची. मी वरिष्ठांना खरं लिहून कळवलं, तरी सिस्टरांची बदली झालीच. कुठे गेल्या, मला कळलं नाही.

पाय सुधारला नाही. माफी मिळाली असती तर ती घेऊन मी मोकळी झाले असते. तसं होऊ दिलं नाही, म्हणून मी सिस्टरांची ऋणी आहे, आणि ज्याने त्यांना त्या दुपारी माझ्या दारी आणलं त्याचीही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी समजत होते. तेलकट हातात ते थंड पाऊल घेऊन बसायचं, आपल्याकडून ते बरं होणार नाही हे ठाऊक असायचं, आणि उद्या परत यायचं. मला तेवढंच शिकता आलं.