मिशीपासून वरचा याकोब

याकोब भिंगारदिवेचा फोन फुगला. माणसं रुसून फुगतात तसा नव्हे, खरोखरच. आतली बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलं, तर या गड्याने त्यावर मेथीच्या जुडीचा रबर चढवला आणि तो फोन आणखी तीन महिने चालवला. नागापूरच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथ मशीनवर काढलेला माणूस. बिघडलेली वस्तू टाकून द्यायची असते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी शेजारच्या पुष्पावतीबाईंनी अंगणातून आवाज दिला.

"याकोबभाऊ, त्यो बॉम्ब उशाला घिऊन झोपता का काय? फुटला तर भिंत आमचीबी हाय."

"फुटत नाही हो. गरम झाला की मी फॅनखाली धरतो."

"आन रोझीबाईचा फोन येताना बंद पडला तर?"

हे मात्र लागलं. कारण याकोबच्या लेखी तो फोन नव्हताच, ती रोझी होती. त्याची बायको सात वर्षांपूर्वी कुवेतला गेली, एका म्हातारीला सांभाळायला. लेक एंजलचं नर्सिंगचं शिक्षण होईपर्यंत, फक्त दोन वर्षं, असं ठरलं होतं. एंजल नर्स झाली, लग्न करून पुण्याला गेली, रोझी तिकडेच राहिली. पुढे दर वर्षी नव्या कराराचा कागद यायचा. रोझी फोनवर विचारायची, "सही करू का?" आणि याकोब म्हणायचा, "तुला योग्य वाटेल ते कर." मग ती सही करायची.

शुक्रवारी रोझीला अर्धी सुट्टी. त्यामुळे आख्खं नगर रविवारी चर्चला जाताना जेवढं नटत नाही, तेवढा याकोब शुक्रवारी दुपारी नटायचा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि खुर्ची खिडकीकडे पाठ करून. उजेड मागून आला की चेहरा काळपट दिसतो, हे त्याने नीट अभ्यासलं होतं. फोन धरायचा तोही वर, कपाळाच्या रेषेत, म्हणजे रोझीला दिसायचे डोळे, नाक आणि मिशी. मिशीच्या खाली याकोब संपायचा.

का, तर खाली दात नव्हते. पुढचे चार. दोन वर्षांपूर्वी हिरड्या सुजल्या, एकेक करून गेले. नंतर साखर निघाली आणि बारा किलो वजन उतरलं. मिशी त्याने तेव्हापासून वाढवली. गल्लीत आम्ही सगळ्यांनी ती वेळोवेळी मापून पाहिली. या वयात पोलीस भरतीला निघालात का, असंही विचारून झालं. याकोब फक्त हसायचा, ओठ मिटून. एंजलला ठाऊक होतं, पण तिच्याकडून त्याने शपथ घेतली होती.

लपवायचं कारण गल्लीला वाटायचं तसं नव्हतं. लाज नव्हती ती. रोझीने हे तोंड पाहिलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी पेटी भरून निघाली असती, हे त्याला पक्कं माहीत होतं. मुळात आजारी माणसाकडे धावणं हा तिचा धंदाच. तिथली म्हातारी सोडून इथला म्हातारा धरायचा, एवढाच फरक. तसं त्याला नको होतं. कीव येऊन आलेली रोझी नको होती. तिला स्वतःला इकडची ओढ लागावी, एखाद्या शुक्रवारी तिने आपणहून म्हणावं की आता पुरे, येते मी. या एका वाक्याची तो सात वर्षं वाट बघत होता. आणि नव्या कराराचा कागद पुन्हा आला होता. सही रविवारपर्यंत करायची होती.

असा तो शुक्रवार. पुष्पावतीबाई सोबत निघाल्याच. "तुमाला एकट्याला सोडलं तर दुकानदार तुमाला फ्रीज इकंल," असं त्यांचं म्हणणं. दोघं दिल्लीगेटजवळच्या रविराजच्या दुकानात पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. रोझीचा फोन तीनला यायचा, म्हणजे वेळ होता.

रविराजने काचेवर दोन फोन ठेवले. एक निळा, एक काळा. किंमत जवळजवळ सारखीच.

"काका, हा निळा घ्या. कॅमेरा बघा याचा. अंधारातसुद्धा माणूस दिवसासारखा दिसतो. मिशीतला एकेक केस मोजता येईल."

याकोबने निळ्या फोनकडे असं पाहिलं, जणू तो आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला आलाय.

"आणि हा?"

"काळा. कॅमेरा साधाच, खरं सांगतो. पण बॅटरी दोन दिवस चालते आणि आवाज एवढा मोठा की आजोबालोक हाच नेतात. शेवटी तुमची प्रायॉरिटी काय ते सांगा."

"काय?"

"म्हणजे तुम्हाला जास्त महत्त्वाचं काय? दिसणं का ऐकू येणं?"

याकोबचं उत्तर घरूनच ठरलेलं होतं, दिसणं नको. काळाच. पण पुष्पावतीबाई कुठल्या ऐकतात.

"निळाच द्या हो यांना. सात वर्सं झाली बायकूनं तोंड बघितलं न्हाई धड."

"पुष्पावतीबाई, तुम्ही गप बसा जरा."

"मी कशाला बसू गप? रिक्षाचे निम्मे पैसे मीबी दिल्यात."

रविराजची एक पद्धत होती. फोन नुसता दाखवून तो विकत नसे. गिऱ्हाइकाचं सिम त्यात टाकायचं, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून द्यायचं, आणि हातात देऊन म्हणायचं, वापरा दहा मिनिटं. एकदा आपल्या माणसांचे फोटो त्यात दिसले की गिऱ्हाईक फोन परत ठेवत नाही, हा त्याचा अनुभव. याकोब नको नको म्हणेस्तोवर त्याने रबर काढून जुन्या फोनातलं सिम निळ्यात टाकलं, मेसेजमध्ये आलेले आकडे भरून घेतले, आणि फोन याकोबच्या हातात ठेवला.

आणि तो वाजला.

तीन वाजायला अजून दीड तास होता. पण कुवेतची म्हातारी त्या दिवशी लेकाकडे जेवायला गेली होती आणि रोझीला सवड लवकर मिळाली होती. याकोबचा अंगठा सवयीने हिरव्या बटणावर गेला. खिडकी नाही, मागचा उजेड नाही, डोक्यावर दुकानाच्या सहा पांढऱ्या ट्यूब. हात कपाळापर्यंत न्यायला तो विसरला. "बोल गं," म्हणून त्याने सवयीने तोंड उघडलं.

पलीकडे रोझी होती. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. पुष्पावतीबाईंनीसुद्धा तोंडाला पदर लावला, यावरून काय ते समजा.

"एंजलचे पप्पा," रोझी हळूच म्हणाली, "दात कुठं गेले?"

"पडले."

"कधी?"

"झाले की थोडे दिवस."

"किती थोडे?"

"दोन वर्षं."

"आणि गाल? गालसुद्धा पडले का?"

रविराज पाठ फिरवून चार्जर रचून ठेवू लागला. याकोब फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आला, मग रस्त्यावर. फोनचे पैसे अजून दिलेले नाहीत, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं.

तो तिच्या रागावण्याची वाट बघत होता. रोझी रागावली नाही.

"तुमच्या मागं ती वेस आहे ना? दिल्लीगेटची?"

"हो."

"फोन फिरवा की. बघू द्या मला."

त्याने फोन फिरवला. वेशीच्या कमानीखालून रिक्षा, हातगाड्या, शाळेतल्या पोरींच्या सायकली जात होत्या. तो हळूहळू चालत राहिला. मध्येच रोझी म्हणे, थांबा. मग तो थांबे. पेरूच्या गाडीपाशी तिने एवढा वेळ थांबवलं की गाडीवाल्याने दोन पेरू कापून मीठ लावून पुढे केले.

"आतून लाल आहेत ओ," रोझी म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही मला फक्त तुमचं कपाळ दाखवलंत. घराची एक भिंतसुद्धा दाखवली नाही. मला वाटायचं, यांना आपण नकोच आहोत तिथं. सवय झाली असेल एकट्याची."

याकोब भर रस्त्यात उभा राहिला. मागून एका टेम्पोने हॉर्न दिला.

"मी दर वेळी विचारते सही करू का, आणि तुम्ही म्हणता तुला योग्य वाटेल ते. एकदासुद्धा नको म्हणाला नाहीत. या वेळी मी..."

आणि फोन काळा पडला. निळा फोन सकाळपासून दुकानात मांडलेला, गिऱ्हाइकांनी खेळून खेळून त्याची बॅटरी चाटून खाल्लेली. याकोबने बटण दाबलं, फोन झटकला, शर्टाला पुसला. मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस पळत सुटला. वाटेत त्याला शोधायला निघालेला रविराज भेटला. त्याला वाटलं, काका फोन घेऊन पळाले. काका तर उलट दुकानाकडेच पळत होते.

"सिम काढ," याकोब धापा टाकत म्हणाला. "त्या काळ्यात टाक. त्यात बॅटरी आहे ना?"

"फुल आहे काका. पण चार्जर लावतो की निळ्याला, पाच मिनिटांत..."

"पाच मिनिटं नाहीत माझ्याकडं."

सिम बदलून, पुन्हा आकडे भरून व्हॉट्सअ‍ॅप सुरू होईपर्यंत पाच मिनिटं गेलीच. याकोब काचेवर दोन्ही हात टेकून उभा होता. पुष्पावतीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि हे नंतर कुणाला सांगू नका असं त्यांनी स्वतःच आम्हा सगळ्यांना सांगितलं.

रोझीने पहिल्याच रिंगला उचललं.

"काय झालं? पडलात का कुठं? आता नीट दिसत नाही तुम्ही."

"ऐकू येतंय ना?"

"येतंय. एकदम जवळून येतंय."

"मग ऐक. सही करू नकोस. दातांसाठी नाही. दात मी बसवून घेतो, उद्याच जातो. तू ये. मला करमत नाही."

दुकानातल्या सगळ्यांनी ऐकलं. काळ्या फोनचा आवाज मोठा होता, हे रविराजने आधीच सांगितलं होतं.

"म्हणा परत," रोझी म्हणाली.

"करमत नाही मला. ये तू."

मग दोघं बराच वेळ बोलत राहिली, तरी काळ्या फोनची बॅटरी संपली नाही.

याकोबने काळाच घेतला. रोझीने त्या रविवारी सही केली नाही, पण म्हातारीला दुसरी बाई मिळून कागदपत्रं सुटायला चार महिने लागणार आहेत. सात वर्षं कशी गेली ते याकोबला सांगता येत नाही, आणि या चार महिन्यांतला एकेक दिवस मात्र त्याच्या छातीवर बसून असतो. शुक्रवारची वाट बघणं त्याने सोडलं. आता रोज फोन होतो. नवे दात आले, ते बोलताना टकटक वाजतात आणि रोझी पलीकडून हसते. बोलणं झालं की तो फोन घेऊन फाटकापर्यंत येतो, रस्त्याकडे बघत उभा राहतो. अजून कुणी येणार नाही हे त्याला कळतं. तरी उभा राहतो.